गुडघ्यावरचा पोचा

प्रिय मित्रा,

जुन्या रोबोट-कॉमिकची जी नवी मालिका तू करतोयस, तिच्या पहिल्या अंकाची पानं काल रात्री दोनदा वाचली. चित्रांत जीव आहे. पण पहिल्याच पानावर कॅप्शनच्या नऊ चौकटी आहेत आणि त्यांत ग्रहाचा इतिहास, दोन युद्धं आणि सात सेनापती कोंबलेत. पाचव्या पानापर्यंत एकही रोबोट पाऊल उचलत नाही. जुना इतिहास पुसून नवी सुरुवात करायची म्हणालास, आणि पुसलेलं सगळं तूच पुन्हा फळ्यावर लिहून काढलंस.

इतकी वर्षं चाललेल्या मालिकेचं ओझं मला कळतं. रूप बदलणाऱ्या रोबोटांची 'ट्रान्सफॉर्मर्स' ही कॉमिक-मालिका मार्व्हल प्रकाशनानं १९८४ मध्ये चार अंकांपुरती काढली होती, ती ८० अंक चालली. पुढे आयडीडब्ल्यू या प्रकाशनानं २००५ पासून विणलेलं कथाविश्व २०१८ मध्ये संपवलं, तोवर नव्या वाचकानं कुठून शिरायचं हा प्रश्नच होता. २०१९ मध्ये लेखक ब्रायन रकलीनं सगळं नव्यानं मांडलं ते रोबोटांच्या दोन गटांमधल्या युद्धाच्या आधीपासून, आणि रबल नावाचा नुकताच जन्मलेला रोबोट घेऊन. बंबलबी हा वाचकांचा जुना लाडका रोबोट त्याला जग दाखवतो. रबलला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे त्याचे प्रश्न आपलेच होतात. (पुढे ती मालिका मला फार संथ वाटली, पण तिचं दार योग्य जागी होतं.) २०२३ मध्ये डॅनियल वॉरन जॉन्सननं नेमकं उलटं केलं. त्याच्या 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या पहिल्याच अंकात शत्रुगटातला स्टारस्क्रीम बंबलबीला ठार मारतो. जुन्या वाचकाच्या पोटात गोळा येतो, नव्याला कळतं की इथे कुणाचीच खात्री नाही. युद्ध समजावून सांगायला एकही चौकट खर्ची पडत नाही.

आणि नाओकी उरासावाचं 'प्लुटो' हे जपानी कॉमिक तर समोर उघडं ठेवूनच काम कर. तेझुकाच्या ॲटमची, म्हणजे 'ॲस्ट्रो बॉय' या रोबोट-मुलाची, साठच्या दशकातली एक गोष्ट त्यानं २००३ मध्ये पुन्हा सांगायला घेतली, पण मध्यभागी ॲटमला न ठेवता गेझिष्ट या पोलीस रोबोटला आणलं. मूळ गोष्टीत तो सात रोबोटांपैकी फक्त एक होता. सुरुवातीलाच तो नष्ट झालेल्या एका रोबोटच्या बायकोला निरोप द्यायला जातो. ती जुन्या बनावटीची, तिचा धातूचा चेहरा हलूच शकत नाही. उरासावा तो चेहरा तसाच ठेवतो आणि तरीही तिचं दुःख दिसतं.

तुझ्याकडेही असं एक दार आहे, चौदाव्या पानावर. ती मेकॅनिक पोरगी रोबोटच्या गुडघ्यावरचा गंज खरवडते आणि तिचा अंगठा एका जुन्या पोच्यावर थबकतो. तो कुठल्या लढाईतला, हे तिला माहीत नाही. जुना वाचक तो पोचा पाहताक्षणी ओळखेल. नव्याला तिच्याइतकंच कुतूहल वाटेल. दोघंही एकाच पॅनलवर थांबतील. तू मात्र ते आगपेटीएवढं काढून पुढच्या स्फोटाला अख्खं पान दिलंस.

सेनापतींची वंशावळ वहीत ठेव, ती तुलाच लागेल. चिलखताचे रंग बदलायचे की नाही यावर आत्ता वेळ घालवू नकोस.

तो पोचा पहिल्या पानावर आण, पानभर. अंगठ्याच्या नखात अडकलेला गंजसुद्धा दिसू दे. कॅप्शन एकही नको. शनिवारी ते पान पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
जुना संपादक