आजीचे नियम: मराठी किती, ख्रिस्ती किती?

प्रिय मनू,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज वाचला. होस्टेलमधल्या मराठी मुलींना तू सांगितलंस की आम्ही ख्रिस्ती, तर त्यातली एक पटकन म्हणाली, "मग तुम्ही मराठी कसे?" आणि तुला जागच्या जागी उत्तर सुचलं नाही. वर तुझा स्वतःचा प्रश्न: आजी सारखी जे सांगत असते त्यातलं मराठी कुठलं आणि बायबलमधलं कुठलं? आता वेगळी राहतेस, तर त्यातलं पाळायचं काय, सोडायचं काय, असंही तुझ्या मनात असणार. फोनवर अंगठ्याने टाइप करून भागणारं हे उत्तर नाही, म्हणून टोरांटोच्या थंडीत हे पत्र लिहायला बसले आहे.

त्या मुलीच्या प्रश्नावर फार वेळ घालवू नकोस. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत लिहिलं, ते १६१६ साली छापून आलं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. आपल्या नगरहून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये निघालं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि प्रभूवर त्यांनी लिहिले ते अभंगच. मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने सगळं बायबल मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. एवढं सांग आणि विषय बदल.

तुझा प्रश्न मात्र मला जास्त आवडला.

आजीचं बरंचसं बोलणं बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातून येतं. त्या पुस्तकाचे एकतीस अध्याय, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायचा, तोही चहाच्या आधी आणि मोठ्याने, हा तिचा शिरस्ता. त्यामुळे कॅलेंडर बघून आज आजी कशावर घसरणार ते आम्हाला आधीच कळायचं. सहा तारखेला आळशाला मुंगीकडे पाठवायची. सात तारखेला परक्या बाईच्या नादी लागणाऱ्या तरुणाची गोष्ट, ती आम्ही चौथी-पाचवीतली पोरं मांडी घालून ऐकत असू आणि तुझा मामा खिडकीबाहेर बघत बसे.

या पुस्तकात चमत्कार नाहीत, लढाया नाहीत, देवळातल्या विधींबद्दलही फार थोडं आहे. आहे ते बाजारातलं, घरातलं, ओट्यावरलं: जीभ, तराजूचा काटा, शेजारी, दारू, कोणाला जामीन राहणं, भांडकुदळ माणसं, गरिबाची मजुरी. नाव शलमोन राजाचं, पण आत बरेच जण आहेत. काही सूत्रं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतलेली, काही आगूर नावाच्या कोणाची, आणि शेवटचा अध्याय लमुएल राजाच्या आईने मुलाला केलेला उपदेश. बाविसाव्या अध्यायात पुढे एक भाग सुरू होतो, तो मिसर देशातल्या, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या, आमेनेमोपे याच्या बोधवचनांशी इतका मिळताजुळता आहे की दोन्हींचं नातं बहुतेक अभ्यासक मानतात. इस्राएलांनी शेजाऱ्याकडचं चांगलं पारखून घेतलं आणि परमेश्वराच्या नावाखाली आणलं. म्हणून आजी एका श्वासात शलमोन आणि दुसऱ्या श्वासात तुकाराम म्हणते, त्यात मला काही वावगं दिसत नाही. चर्चच्या काही पाळकसाहेबांना दिसतं.

आता बाजारातलं एक सांगते. घासाघीस करणं हे अगदी आपलं मराठी. आजीही करायची. पण आमच्या गल्लीतल्या एक काकू मेथीची जुडी उचलायच्या, झटकायच्या, "काय हो ही मेथी, नुसत्या काड्या, वर किडकी" म्हणून तोंड वाकडं करायच्या, भाव निम्म्यावर आणायच्या आणि घरी येऊन सगळ्या जिन्यात सांगत सुटायच्या, बघा किती कोवळी मिळाली आणि केवढ्याला. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात हुबेहूब हीच काकू आहे! विकत घेणारा 'वाईट आहे, वाईट आहे' म्हणतो आणि तिथून गेल्यावर फुशारकी मारतो. आजी भाव करायची, पण भाजीला नावं ठेवायची नाही. "दोन रुपये कमी कर म्हणावं. त्याच्या मालाला खोटं पाडू नये. त्याने पहाटे उठून आणलाय." घासाघीस मराठी, आणि त्या घासाघिशीला घातलेला लगाम बायबलमधला. असं दोन्ही एकाच पिशवीत यायचं.

त्याच पुस्तकात खोट्या काट्याचा परमेश्वराला वीट आहे असं आहे, आणि पिशवीतली वजनंसुद्धा त्याचीच आहेत असंही. तुझ्या कॅफेत काटा नसेल, पण तासांची नोंद तू स्वतः भरतेस ना? सव्वापाचला निघालीस तर साडेपाच लिहू नकोस. मालकाने पंधरा मिनिटं बुडवली तर तेही तोंडावर सांग. ते वचन दोन्हीकडून लागू आहे. आपल्या लोकांना मात्र ते मालकाच्या बाजूनेच ऐकवलं जातं, याचा मला राग येतो.

काही ठिकाणी बायबल आपल्या पद्धतीच्या उलट जातं. नगरला कोणी फोन करून येत नाही. दार उघडं असतं, माणूस आत. ते मला इथे राहून फार आठवतं. पण पंचविसावा अध्याय म्हणतो, शेजाऱ्याच्या घरी पाऊल कमी टाक, नाहीतर तो तुला कंटाळेल. आणि सत्ताविसाव्यात तर भल्या पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याची टर उडवली आहे; तो आशीर्वाद शापच समजला जाईल, म्हणतो. स्पीकर लावणाऱ्या सगळ्याच धर्मांच्या मंडळींनी हे वाचावं, आपलीही त्यात आली. आजीने यातून मधला मार्ग काढला: जेवणाच्या वेळेला कोणाकडे जायचं नाही, आणि आपल्याकडे त्या वेळेला कोणी आलं तर ताट वाढल्याशिवाय सोडायचं नाही. तू हाच मार्ग पाळ.

मला मनापासून सांगायचंय ते याच्या पुढचं. आपल्या मराठी घरांत, मग ती कुठल्याही धर्माची असोत, एक वाक्य राज्य करतं: लोक काय म्हणतील. शिक्षण, कपडे, लग्न, नोकरी, सगळं त्या वाक्याच्या धाकात. नीतिसूत्रांचा पायाही धाकच आहे, नाही असं नाही. परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ, हे पहिल्याच अध्यायात येतं. पण एकोणतिसाव्यात आहे की माणसांची भीती हा फास आहे. ही दोन वचनं शेजारी ठेवून वाच. आजीने तसं केलं होतं. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर नातेवाइकांची कुजबुज सुरू झाली, रात्रपाळ्या, परकं गाव, मुलीची जात. आजी ओट्याशी उभी होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "लोकांना भिऊन मी देवाला काय उत्तर देऊ?" आणि भाकरी तव्यावर टाकली. बैठक तिथेच संपली. देवाचं भय असलेल्या बाईला इतर कोणाचं उरलेलं मी पाहिलं नाही. तुला आजी कडक वाटते, पण माझं, तुझ्या आईचं, आयुष्य त्या कडकपणातून मोकळं झालं आहे.

जातीचं तर लिहायलाच हवं, कारण तिथे आपण ख्रिस्ती लोकच उघडे पडतो. लक्ष्मीबाई टिळक 'स्मृतिचित्रे'त किती सरळ लिहितात बघ: नवरा ख्रिस्ती झाला, कालांतराने त्या त्याच्याकडे राहायला आल्या, तरी सोवळं सुटेना, मग विचार करता करता त्यांना पटलं की माणूस देवाने केला आणि जात माणसांनी, आणि त्यांनी ते टाकून दिलं. सव्वाशे वर्षं होऊन गेली याला. आजही मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, लग्न जमवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न हळूच विचारला जातो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला त्याने चांगलं फैलावर घेतलं आहे. तुला कोणी तो प्रश्न विचारला, तर उत्तर देऊ नकोस. ही 'मराठी पद्धत' आजीकडून तुला मिळालेली नाही, माझ्याकडूनही मिळणार नाही.

आता एकतिसावा अध्याय. लग्नात आणि मातृदिनाला वाचतात तो, सद्गुणी स्त्रीचा. तिच्यावरच्या मूळ हिब्रूत बावीस ओळी, हिब्रूच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेल्या, म्हणजे पाठ करायलाच केलेलं काव्य. उपदेशात नेहमी ऐकू येतं की ती पहाटेच्या आधी उठते आणि तिचा दिवा रात्री विझत नाही. ती शेत पाहून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते, गरिबाला हात देते, हे घाईने वाचून संपवतात. तू सावकाश वाच. आणि सगळ्या पुस्तकात 'माझ्या मुला, माझ्या मुला' असं आहे, 'माझ्या मुली' कुठेच नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. माझ्याही आलं होतं. मी तिथे तुझं नाव घालून वाचते.

पण एक सांभाळ. आजीची वचनं पाठ केलीस म्हणजे शहाणपण आलं असं नाही. सव्विसाव्या अध्यायात दोन सूत्रं पाठोपाठ आहेत. चौथं म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तूही तसाच होशील. पाचवं म्हणतं, दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. लहानपणी मला वाटायचं छापणाऱ्यांची गडबड झाली. आता वाटतं ती मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कुठे कुठलं लागू ते तुझं तूच ठरवायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बहुतेक वेळा चौथं. वर्गात कोणी एखाद्या मुलीला सगळ्यांदेखत घालून पाडून बोलत असेल, तर पाचवं. आणि कळेनासं झालं तर याकोब सांगतो की ज्याला ज्ञान उणं आहे त्याने देवाकडे मागावं. तो दोष न लावता देतो. मी रात्रपाळीला वॉर्डात शिरायच्या आधी लिफ्टमध्ये मागते. लांब प्रार्थना नसते.

चुकीच्या वेळी बरोबर वचन म्हणणारे लोक बायबलमध्येच आहेत, ईयोबाचे मित्र. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले; आणि हे तिघे त्याला समजावत बसले की चांगल्याचं चांगलं होतं, वाइटाचं वाईट, म्हणजे तुझंच काही चुकलं असणार. यातलं बरंचसं नीतिसूत्रांतल्यासारखंच आहे. शेवटी परमेश्वराचा राग त्यांच्यावरच झाला. तोंड उघडायच्या आधी मात्र ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले होते, आणि तेवढं त्यांनी चांगलं केलं. आपल्याकडेही कोणी गेलं की माणसं भेटायला येतात, सतरंजीवर टेकतात, अर्धा तास बसतात आणि उठून जातात. आजोबा गेले तेव्हा पलीकडच्या वाड्यातल्या, वारी करणाऱ्या एक आजी रोज दुपारी येऊन आजीशेजारी बसायच्या. काय बोलल्या ते विचारलं तर आजीला एक वाक्य सांगता येणार नाही. पण त्या येत होत्या हे ती अजून सांगते.

शेजारच्या खोलीतल्या मुलीचे वडील गेले आणि तिला तिकीट मिळेना, असं तू फोनवर म्हणालीस. तिला वचन पाठवू नकोस, 'देवाची इच्छा' तर मुळीच म्हणू नकोस. वरण-भात कर, वर थोडं तूप घाल, डब्यात भर आणि तिच्या दारात जा. ती आत ये म्हणाली तर बस. वडिलांबद्दल बोलायला लागली तर ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. डबा परत मागायची घाई करू नकोस. मी पुढच्या पार्सलमध्ये दुसरा पाठवते.

तुझी,
आई