दारूच्या तीव्र व्यसनात रुग्णाच्या इच्छेविरुद्ध उपचार करणे योग्य आहे का?

माझ्या मते सक्तीचे समर्थन जीव वाचवण्यापुरते करता येते, व्यसन सोडवण्यासाठी नाही; या दोन गोष्टींची गल्लत झाली की रुग्णाचे फार नुकसान होते. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीची दारू अचानक बंद झाली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान तीव्र गोंधळ, भास, थरथर व ताप असलेली 'डिलिरियम ट्रेमेन्स' ही प्राणघातक ठरू शकणारी अवस्था उद्भवू शकते. अशा वेळी ती व्यक्ती स्वतःबद्दल निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसते, म्हणून तिला रुग्णालयात दाखल करून बेन्झोडायझेपिन गटातील (मेंदूची उत्तेजना शांत करणारी) औषधे आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देणे हे कर्तव्यच ठरते. (घरात कोंडून दारू तोडणे मात्र, हेतू कितीही चांगला असला तरी, धोक्याचे आहे.)

निर्णयक्षमता परत आल्यावर प्रश्न बदलतो. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ६ महिने सक्तीने उपचारांखाली ठेवता येते. परंतु अशा सक्तीचा दीर्घकालीन लाभ होतो, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट ही दारूची ओढ कमी करणारी औषधे महिनोन्महिने घ्यावी लागतात, आणि ती रोज घेणारा हात अखेर रुग्णाचाच असतो. रुग्णाने नकार दिला तरी कुटुंबीयांनी स्वतः समुपदेशकाकडे अवश्य जावे, कारण त्यांना योग्य संवादाचे प्रशिक्षण मिळाल्यास रुग्ण स्वेच्छेने उपचारांकडे वळण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांतून दिसले आहे.