वाचकांचे प्रश्न : आशयसूत्र शोधायचं कुठे?

प्रश्न : मी बारावीत आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’चं रसग्रहण लिहायचं आहे. गाईडमध्ये मध्यवर्ती कल्पना, म्हणजेच आशयसूत्र, ‘निसर्गसौंदर्य’ असं दिलं आहे. माझा दादा म्हणतो की कविता मृत्यूची आहे. मी काय लिहू?

उत्तर : गाईड मिटून ठेव आणि दादालाही जरा थांबायला सांग. ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत इतकं वाचलंय की ते दिसताच नजर आपोआप पुढच्या ओळीवर जायची. चूक त्यात काही नाही. पण ते कुठल्याही निसर्गकवितेखाली चिकटवता येतं, म्हणून त्याला गुण कसले द्यायचे?

कविता आठ ओळींची आहे. पाठ नसेल तर आधी पाठ कर. मग एवढंच बघ की तिच्यात कोण काय करतंय. झरा वाहतो. शेतमळ्यांची गर्दी लागलेली आहे. पायवाट ‘अडवीतिडवी’ पडते आणि काळ्या डोहाकडे चालू लागते. पायवाट आहे, चार घरांचं गाव आहे, पण माणूस एकही नाही. घराबाहेर कुणी नाही, वाटेवर कुणी नाही, पाण्यावर कुणी आलेलं नाही. अख्ख्या चित्रात माणसासारखं वागणारा एकच आहे, आणि तो झाड आहे. ‘पाय टाकुनी जळांत बसला’. बाकी सगळं शेवटच्या ओळीकडे सरकतंय आणि हा बसलेला आहे.

आता रंग बघ. वर हिरवाळी आणि निळासावळा झरा, मध्ये हिरवी शेतं, त्यातून पांढरी वाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाला. उजेडाकडून अंधाराकडे नेणारी ही रांग आपोआप लागलेली नाही. तुझ्या दादाला मृत्यू दिसला तो इथे, आणि त्याच्या म्हणण्याला आधार आहे. पण सातव्या ओळीत कवी म्हणतो ‘गोड काळिमा’. नुसतं सौंदर्य म्हणणाऱ्याला त्या काळिम्याचं काय करायचं ते सांगावं लागेल, आणि नुसता मृत्यू म्हणणाऱ्याला ‘गोड’चं उत्तर द्यावं लागेल. दोन्ही शब्द एकत्र पेलेल असं वाक्य तुझं तू तयार कर. मला स्वतःला ही कविता अलिप्तपणाची वाटते. औदुंबर म्हटलं की दत्त आठवतो, विरक्ती आठवते, आणि पाण्यात पाय सोडून बसणं काही शोकाचं लक्षण नव्हे. पण माझं मत उतरवू नकोस. या आठ ओळींवर मराठीत भरपूर वाद झालेत, त्यात तुझ्या मतालाही जागा आहे. फक्त प्रत्येक विधानासमोर ओळ दाखव.

प्रश्न : बालकवींचा मृत्यू रेल्वे अपघातात झाला. ‘औदुंबर’मधला काळा डोह म्हणजे त्यांना लागलेली चाहूल, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे ग्राह्य धरावं का?

उत्तर : धरू नये. ते 1918 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी गेले, हे खरं. पण अपघाताची चाहूल लागत नसते, आणि कवीचा शेवट ठाऊक असल्यावर त्याच्या प्रत्येक सावलीत तो शेवट दिसायला लागतो. कवितेबाहेर जायचंच असेल तर त्यांच्याच दुसऱ्या कवितांकडे जा. ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणारा हाच कवी ‘पारवा’मध्ये पडक्या, उद्ध्वस्त धर्मशाळेत जाऊन बसतो. त्या दोन टोकांच्या मध्ये ‘औदुंबर’ ठेवून वाचलीत तर हाती काही लागेल.

प्रश्न : आमच्या वाचनगटात ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचली. बहुतेकींना तिची नायिका यमू रडूबाई वाटली. तिच्यावर सगळं ओढवतं, ती स्वतः काहीच करत नाही. अशा पात्राचं विश्लेषण काय करायचं?

उत्तर : ती काहीच करत नाही? अहो, ती लिहिते. हे अख्खं पुस्तक तिनं सांगितलेलं आहे. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः आली. एका विधवेनं आपली हकिकत पहिल्यापासून, न लाजता, विनोदासकट मांडायची, ही त्या काळात लहान कृती नव्हे. लेखणीमागे पंचविशीतला एक पुरुष आहे, ते ध्यानात ठेवा. पण त्यानं सूत्रं यमूच्या हाती दिली आणि सहसा मध्ये तोंड घातलं नाही.

म्हणून यमू एक नाही, दोन आहेत. एक भोगणारी आणि दुसरी सांगणारी. लहानपणच्या खोड्या वाचताना हसू येतं, पण सांगणारीला पुढचं सगळं आधीच माहीत असतं. कुठे ती प्रसंग लांबवते, कुठे दोन वाक्यांत आटोपते, त्यावर खुणा करा. तिचा स्वभाव तिच्या रडण्यापेक्षा तिथे जास्त कळेल.

दुसरं म्हणजे दुर्गी. ती नुसती मैत्रीण म्हणून आणलेली नाही. दोघींची लग्नं सारख्याच रीतीनं लागतात. दुर्गीला छळणारा नवरा मिळतो, यमूला रघुनाथराव. तो सुधारकी वळणाचा, बायकोनं वाचावं-लिहावं म्हणून धडपडणारा. तुमच्या गटात कुणी म्हणालं असेलच की यमूचं नशीब बरं होतं. बरोबर, नशीबच! रघुनाथराव जातात त्या दिवशी तिचं शिक्षण, तिचं मुंबईतलं मोकळं घर, तिचा मान, सगळं त्यांच्याबरोबर जातं आणि तिच्यावर केशवपन लादलं जातं. ‘केशवपनाची दुष्ट प्रथा’ हे कादंबरीचं आशयसूत्र म्हणून सांगतात, ते मला तोकडं वाटतं. चांगला नवरा मिळणं हा उपाय नव्हे, हे आपटे दाखवतात. सुधारक पुरुषाच्या भल्या मनावर बाईचं आयुष्य टांगलेलं असेल, तर तो गेल्यावर ती पुन्हा दुर्गीच्याच रांगेत उभी राहते. ज्या सुधारकांसाठी हे छापलं जात होतं, त्यांनाही हे टोचायला हवं होतं.

कादंबरीतल्या खलपुरुषाबद्दल, शंकरमामंजींबद्दल, मात्र तुमच्या गटाशी माझं भांडण नसेल. माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत ढोंगी आणि कारस्थानी. लेखकानं त्याला आतून पाहिलेलंच नाही. त्याच्यावर वेळ घालवू नका.

प्रश्न : दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ अनुवादातून वाचली. तिच्या नायकावर, रास्कोल्निकॉव्हवर, एवढं लिहून झालंय की नव्यानं सांगण्यासारखं काही सुचत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : लिझावेतापासून करा.

1866ची ही कादंबरी सहा भाग आणि उपसंहार अशी आहे. खून पहिल्याच भागात होऊन जातो. न्यायालयाची शिक्षा, सैबेरियातली आठ वर्षांची सक्तमजुरी, उपसंहारात आणि थोडक्यात येते. म्हणजे शीर्षकातल्या दोन्ही गोष्टी दोन टोकांना आहेत, आणि मधली शेकडो पानं शिक्षा होण्याआधीच्या शिक्षेला दिली आहेत. लेखकानं पानं कशावर खर्च केली, याचा हिशेब मांडल्याशिवाय आशयसूत्राबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

या मधल्या पानांत नायकाच्या मनातून एक माणूस वारंवार निसटतो. रास्कोल्निकॉव्हचा सिद्धांत असा की असामान्य माणसांना कायदा ओलांडायचा हक्क असतो, आणि सावकारीण अल्योना ही समाजाला लागलेली ऊ आहे. पण ऐन वेळी तिची सावत्र बहीण लिझावेता दारात येते आणि तो तिलाही मारतो. गरीब, कष्टाळू, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई. तिला मारायचं समर्थन त्याच्या सिद्धांतात कुठेच बसत नाही. म्हणून तो काय करतो? तिला विसरतो. पुढे एकदा त्याचं त्यालाच नवल वाटतं की आपण लिझावेताचा विचार फारसा करतच नाही, जणू तिला मारलंच नाही.

लेखक मात्र तिला विसरत नाही. ज्या मुलीजवळ तो खुनाची कबुली देतो ती सोन्या त्याला बायबलमधली, मेलेला लाझारस पुन्हा जिवंत होतो ती गोष्ट वाचून दाखवते, ती ज्या पुस्तकातून, ते पुस्तक लिझावेतानं आणून दिलेलं असतं. सोन्या स्वतःसाठी जो क्रूस ठेवते तोही लिझावेताचाच. नायक जिला मनातून हद्दपार करतो, ती अशी वस्तूंच्या रूपानं परत येत राहते. तिच्या तोंडी संवाद जवळजवळ नाहीत. तरी तिच्यावर चार पानं सहज लिहून होतील, आणि ती लिहिताना रास्कोल्निकॉव्हबद्दल नवीन काही सापडेल. दुय्यम पात्राचा हाच उपयोग.

उपसंहाराबद्दलही तुमचं मत लिहा. मला तो घाईचा वाटतो. एवढा हट्टी माणूस इतक्या थोड्या पानांत बदलतो हे पटायला जड जातं. पटतं म्हणणारे जाणकार वाचकही आहेत. तुम्ही कुठल्याही बाजूला गेलात तरी सैबेरियात आजारपणात त्याला पडणारं महामारीचं स्वप्न टाळू नका. आपलंच खरं मानणारी माणसं त्यात एकमेकांना मारत सुटतात, म्हणजे त्याचाच सिद्धांत जगभर पसरलेला. उपसंहाराची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.