गाडी ३८ हजारच पळालीय, मग बेल्ट कशाला?

प्रश्न : माझी गाडी नऊ वर्षांची आहे, पण पळालीय जेमतेम ३८ हजार किलोमीटर. मेकॅनिक म्हणतो, टायमिंग बेल्ट बदला आणि सोबत वॉटर पंपही. गाडी उत्तम चालते, बेल्टचा आवाजही नाही. हा खर्च खरंच करायचा, की मला गंडवलं जातंय?

उत्तर : मेकॅनिक बरोबर सांगतोय. गाडीचं मॅन्युअल काढा. बहुतेक वेळा तिथे किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतात आणि पुढे लिहिलेलं असतं, ‘जे आधी होईल ते’. किलोमीटरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, वर्षांचा कुणी वाचत नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

आवाजाच्या भरवशावर तर राहूच नका. सकाळी गाडी सुरू करताना किंचाळतो तो अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत मुकाट काम करतो आणि बहुधा मुकाटच तुटतो.

तुटल्यावर काय होतं? क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या, धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, हा मेळ हा बेल्ट राखतो. इंजिन ३,००० आरपीएमवर (क्रँकचे मिनिटाला ३,००० फेरे) असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, आणि पुष्कळ इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथवर उतरतो तिथवरच क्षणभराने पिस्टन चढतो. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र फिरत राहतो. पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. काही इंजिनांत दोघांमध्ये जागा सोडलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. तुमचं इंजिन यातलं कुठलं, हे मेकॅनिकला जरूर विचारा. पण उत्तर काहीही आलं तरी नऊ वर्षांचा बेल्ट मी ठेवला नसता.

आता पंप. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायला निघालो. बेल्ट नवा टाकला, त्याच बेल्टवर फिरणारा जुना पंप हाताने फिरवून पाहिला आणि ‘चालेल’ म्हणून तसाच ठेवला. चार महिन्यांनी पंपाचं बेअरिंग जाम झालं, नव्या कोऱ्या बेल्टचे दात सोलून निघाले. सोळापैकी आठ व्हॉल्व्ह वाकले. ते काम मी पदरमोड करून केलं. पंपापर्यंत पोचायला सगळं तेच पुन्हा खोलावं लागतं, म्हणून तुमच्याकडेही पंप याच बेल्टवर असेल तर तो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) एकदमच बदलून घ्या. ऑइल सील, म्हणजे इंजिनातलं तेल अडवणारी रबरी कडी, पाझरत असेल तर तेही. तेल लागलं की नवा बेल्टही लवकर खराब होतो.

काम चालू असताना शक्य असेल तर समोर उभे राहा. बेल्ट चढवल्यावर, चावी फिरवण्याआधी, इंजिन पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवून क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळतात का, ते बघायला सांगा. चांगला मेकॅनिक न सांगता करतो.

आणि तोवर रस्त्यात इंजिन एकाएकी गप्प झालं, स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा चावी फिरवू नका. धक्का मारून सुरू करणं तर नकोच. गाडी उचलून गॅरेजला न्या.