आसनांच्या वर्गाला जातो. साधना म्हणून योग कोठून सुरू करावा?

बेळगावच्या शहापुरातल्या कापडाच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्या आणि पहाटे आसनांच्या वर्गाला जाणाऱ्या माणसाने योगाकडे अध्यात्म म्हणून वळायचे तर कोठून सुरुवात करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दुकानातूनच करावी.

पतंजलींच्या योगसूत्रांत, प्रचलित पाठाप्रमाणे, १९५ सूत्रे आहेत आणि त्यांपैकी आसनाविषयीची जेमतेम तीन. चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनात उठणाऱ्या तरंगांना आवर, हाच योग आणि तो साधला की द्रष्टा, म्हणजे आपल्यातला पाहणारा, आपल्या मूळ स्वरूपात राहतो, हे पतंजली दुसऱ्या-तिसऱ्या सूत्रातच सांगून टाकतात. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरे येते. त्याआधी अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य व अपरिग्रह (साठा न करणे) हे पाच यम आणि शौच (शुद्धता), संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान (ईश्वराला सर्व अर्पण करणे) हे पाच नियम येतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. गिऱ्हाईक साडीचा पदर बोटांत धरून "रंग जाईल का हो?" असे विचारते आणि तो जाणार हे आपल्याला ठाऊक असते, त्या क्षणी "पहिल्या धुण्यात थोडा जाईल" एवढे सरळ सांगणे हा सत्याचा अभ्यास आहे. खोटे बोलून आलेल्या माणसाचे मन संध्याकाळी ध्यानाला बसल्यावरही त्याच गोष्टीभोवती फिरत राहते.

बैठकीचे म्हणाल तर घोंगडीची घडी कुल्ल्यांखाली घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात, पाठ आपोआप ताठ होते आणि पायांना मुंग्या लवकर येत नाहीत. मग श्वास जसा चालला आहे तसा पाहावा, किंवा नाम घ्यावे. योगसूत्रांवरील जुन्या टीकेने, व्यासभाष्याने, स्वाध्यायात जपही धरला आहे, त्यामुळे आपल्या घरी हरिपाठ होत असेल तर साधनेचा एक भाग आधीच सुरू आहे. तो फक्त घाईत उरकू नये. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो, असे सूत्रकार म्हणतात. या तिन्हींत आदराकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे मला वाटते.

वाचनासाठी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय सावकाश घ्यावा. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात आधी भाटे वकिलांकडे आणि नंतर हरिपद मित्र यांच्याकडे राहिले होते; योगसूत्रांवरील विवेचन असलेला त्यांचा 'राजयोग' १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि तो मराठीतही मिळतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या रामकृष्ण मिशनच्या आश्रमात एखाद्या संध्याकाळी जाऊन बसावे, असेही मी आग्रहाने सुचवेन.

श्वास रोखून धरण्याचे प्राणायाम मात्र पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून करू नयेत. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग जाणत्या शिक्षकासमोर बसूनच ते शिकावेत.