टेक्नो-डबस्टेपसाठी लाखभर रुपयांत कोणता हेडफोन घ्यावा?

लाखभर मोजायची तयारी असेल तर आधी एक ठरवा: नुसता दणदणाट हवाय, की खालचा सूर नीट ऐकू यायला हवाय? डबस्टेपमधली खरी मजा २० ते ६० हर्ट्झमध्ये, म्हणजे अगदी तळाच्या सुरांत असते. स्वस्त ‘बास’वाले हेडफोन १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा देतात, त्यामुळे किक (ड्रमचा जड ठोका) आणि बासलाइन (खालच्या सुरांची धून) यांचा काला होतो.

माझं मत प्लेनर मॅग्नेटिकला, म्हणजे पातळ सपाट पडद्यातून आवाज काढणाऱ्या हेडफोनला. ऑडिझीचा एलसीडी-एक्स ऐकून बघा. बास थेट तळापर्यंत सपाट उतरतो आणि किक संपली की संपते, मागे घुमत राहत नाही. इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) २० ओहम, त्यामुळे चालवायला अवघड नाही. पण वजन सहाशे ग्रॅमच्या वर! तासाभरात मान बोलायला लागते. सेनहायझर एचडी ६५० गळ्याच्या आवाजाला लाजवाब. मात्र खालचा बास त्यात कमी होत जातो, शिवाय ३०० ओहममुळे बरा अँप (अँप्लिफायर) लागतो. तुमच्यासाठी तो नाही. हे दोन्ही ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीचे; घरात बाकीच्यांना त्रास नको असेल तर बंद पाठीचाच घ्या, ओपन-बॅकचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो.

आणि हो, चष्मा लावत असाल तर तो लावूनच ट्रायल घ्या. काडीमुळे पॅड आणि कानामागची त्वचा यांत फट राहते, आणि बंद पाठीच्या हेडफोनात तिथूनच बास निसटतो. मी दुकानात पंधरा मिनिटं हेडफोनला नावं ठेवत होतो; चष्मा काढला आणि गप्प बसलो.