सासऱ्यांना हंटिंग्टन निघालाय. नवऱ्याची आणि मुलांची तपासणी लगेच करावी का? घरी काय सांभाळायचं?

आमच्या घरातही मेंदूचा हाच आनुवंशिक आजार होता, इथे सोलापुरातच. माझं मत विचाराल तर तपासणी थांबू शकते, सासऱ्यांचं जेवण थांबू शकत नाही.

तरी आधी तपासणीचं सांगते. दोष चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. तिथे सी-ए-जी ही डीएनएची अक्षरं एकापुढे एक येत राहतात. ती 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतो. 36 ते 39 असतील तर होईलही, नाहीही. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला 50 टक्के शक्यता, मग मुलगा असो की मुलगी. तुमच्या मिस्टरांकडे तो आलाच नसेल तर त्यांच्याकडून मुलांकडे जाण्याचा प्रश्नच नाही. लक्षणं नसतील तर 18 वर्षांखालच्या मुलांची ही तपासणी करत नाहीत, कोणी कितीही म्हणो. मिस्टरांचं त्यांनाच ठरवू द्या, तेही जेनेटिक समुपदेशन घेऊन. आजार थांबवणारं औषध आज नाही, म्हणून "कळून काय करू?" म्हणणारा माणूस काही पळपुटा नसतो. माझ्या नवऱ्याने अजून केलेली नाही. पुढे मूल हवं असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

माझे सासरे टॉवेलच्या मागावर कामाला. तुटलेला धागा गाठताना हात मध्येच उडायचा. मग चाल झोकांड्या खाऊ लागली आणि गल्लीत कुजबुज, "हल्ली पितात वाटतं." आयुष्यात थेंबाला शिवले नव्हते! पण हालचालींपेक्षा स्वभावच जास्त जड गेला. एकच गोष्ट धरून बसायचे, चिडायचे. तो हट्ट नसतो, मेंदूच अडकतो. वाद घालू नका. विचारलंत की उत्तराला वेळ द्या. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो आणि त्यांचा पहिलाही हरवतो.

आता जेवण. सतत हलणारं अंग भरपूर ताकद खातं, वजन झपाट्याने उतरतं, आणि गिळताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. आपली कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी बंदच. भाकरी दुधात किंवा आमटीत चांगली मुरवायची, कुस्करून एकजीव करायची. पातळ पाणी वेगळं आणि तुकडे वेगळे असं राहिलं की ठसका हमखास. चटणीवाचून सासऱ्यांचा घास उतरत नसे, म्हणून मी ती मिक्सरमधून बारीक काढून घट्ट दह्यात कालवायचे. वरून तूप सढळ हाताने. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, टीव्ही बंद, लहान घास, गप्पा नंतर. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. पाण्यानेच ठसका लागत असेल तर ते किती घट्ट करायचं हे स्पीच थेरपिस्ट बघून सांगतात.

आपोआप होणाऱ्या हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन हे औषध देतात. त्याने उदासी वाढू शकते. तशीही या आजारात आत्महत्येचा धोका जास्त असतो. "आता नको झालंय" असं बोलले तर हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रात्री-अपरात्री टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416.

दर आठवड्याला वजन वहीत मांडा आणि ती वही न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. "बरं जेवतात" एवढ्यावर त्यांना काही कळत नाही.